दोन मिनिटांचं कार्ड

ज्या तीन महिन्यांत मी इंग्रजीचे सातशे शब्द पाठ केले, त्याच तीन महिन्यांत बार्शीला माझ्या सासऱ्यांचं जेवण सुटत चाललं होतं. माझ्या बायकोला ते माहीत होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या मामींना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी तर बायकोबरोबर त्याच घरात राहत होतो, तिच्याच हातचं जेवत होतो, रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत होतो. हे कसं झालं ते सांगताना आजही मला स्वतःचा राग येतो. राग आला की मी लांबण लावतो, तेवढं सांभाळून घ्यावं.

मी चेन्नईजवळच्या ओरगडमला, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांना लाल टॅग लावायचे आणि ज्याची चूक त्याच्याकडून कागद भरून घ्यायचे, हे माझं काम. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो असं माझं मत आहे. बायकोचं मत असं, की स्वभाव आधीपासूनच तसा होता म्हणून हे काम मिळालं. आम्ही दोघंही सोलापूर जिल्ह्यातले. लग्नानंतर इकडे आलो आणि वेलचेरीत भाड्याने राहू लागलो. ती घराजवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पाच वर्षांत तिचं तमिळ इतकं सुधारलं, की सुई बघून भोकाड पसरणारी मुलं तिच्याशी गप्पा मारता मारता रक्त देऊन मोकळी होतात. माझी गाडी 'सरी' आणि 'इल्लै', म्हणजे 'बरं' आणि 'नाही'च्या, पुढे गेली नाही.

आमच्या कंपनीचा इंग्लंडमध्येही एक कारखाना आहे. तिथे क्वालिटीची एक जागा निघाली आणि माझं नाव पुढे गेलं. अट एकच होती: इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, या चारही भागांत नऊपैकी किमान सात गुण, त्यांच्या भाषेत बँड, हवेत. पहिल्या वेळी मला तीन भागांत सात आणि बोलण्यात साडेसहा मिळाले. दुसऱ्या वेळी पुन्हा बोलण्यातच साडेसहा. त्या दिवशी मी कोचिंगचं जाडजूड पुस्तक गॅलरीतून खाली भिरकावलं. ते खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी स्कूटरवर आपटलं आणि आरसा फुटला. मला वर त्या माणसाची माफी मागावी लागली, तीही इंग्रजीत. बायको म्हणाली, "बघ, माफी मागताना एकदाही अडखळला नाहीस." मी चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

कंपनीने मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. त्यानंतर ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या एकाला जाणार होती. त्याचं इंग्रजी मातृभाषेसारखं होतं आणि ब्रेकमधलं त्याला काही कळत नव्हतं. मला तो डोळ्यासमोर नको झाला होता.

कोचिंगच्या बाईंनी माझं बोलणं दहा मिनिटं ऐकलं आणि निदान केलं. "तुम्ही आधी मराठीत विचार करता, मग इंग्रजी शब्द शोधता. शोधताना थांबता. तिथे मार्क जातात." उपाय त्यांनी सांगितला नाही, तो मीच काढला. जानेवारीत पोंगलची, म्हणजे इकडच्या संक्रांतीची, सुट्टी संपली त्या दिवशी मी घरात जाहीर केलं, की परीक्षा होईपर्यंत या घरात मराठी बंद. बायको हसली. म्हणाली, "आणि दूध उतू गेलं तर?" मी म्हटलं, "तेही इंग्रजीत." गावाकडचे फोन तेवढे माफ, पण ते गॅलरीत जाऊन, मागे दार लावून घ्यायचे. माझ्या कानावर मराठी पडता कामा नये. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर त्या घरात तिच्या तोंडून माझ्या कानावर मराठी पडलं ते एकदाच.

तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं. ती मराठी शाळेत शिकलेली. रिपोर्टमधलं इंग्रजी तिला चोख यायचं, पण बोलताना वाक्य मोडायचं. मी मनाशी म्हटलं, तिचाही फायदाच आहे, पुढे तिलाही तिकडेच राहायचं आहे. असा विचार केला की आपण किती समजूतदार नवरा आहोत असं वाटतं.

मग मी कारखान्याची पद्धत घरात आणली. रोज दहा नवे शब्द. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, तिच्यावर लाल टिकली. तो शब्द मी बोलण्यात एकदा बरोबर वापरला की टिकली पिवळी, तीनदा वापरला की हिरवी. टिकली मी स्वतः बदलायची नाही, कारण करणाऱ्याने स्वतःचंच काम तपासायचं नसतं. तपासणारा वेगळा हवा. म्हणून तपासनीस बायको. ती वही घेऊन बसायची आणि मी शब्द वापरला की खूण करायची. फ्रिजवर, आरशावर, गॅसच्या शेगडीमागच्या फरशीवर लाल चिठ्ठ्या लागल्या. 'मिटिगेट' मिक्सरवर होता. 'इनएव्हिटेबल' बरेच दिवस लालच राहिला, म्हणून मी तो संडासाच्या दाराला लावला. पहाटे कंपनीच्या बसमध्ये बाकी सगळे घोरायचे आणि मी ओठ हलवत बसायचो. शेजारी बसणारा ऑपरेटर माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणायचा, "सार मंत्र म्हणताहेत."

रात्री आठला बोलण्याचा सराव असायचा. परीक्षेत एक कार्ड देतात. त्यावर एक विषय असतो, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग न थांबता दोन मिनिटं बोलायचं. बायको कार्ड काढायची, मोबाइलवर वेळ लावायची आणि मी सुरू व्हायचो. कोचिंगच्या बाईंनी एक गोष्ट पक्की सांगितली होती: कार्डवर खरं बोलावं लागत नाही. परीक्षक खरं-खोटं तपासत नाहीत, भाषा तपासतात. नसलेली बहीण काढा, न केलेला प्रवास सांगा, काही बिघडत नाही. मी धडाधड खोटं बोलायला शिकलो. कधी कधी गंमत म्हणून बायकोही एखादं कार्ड घ्यायची. एकदा तिने स्वित्झर्लंडची सहल सांगितली होती. बर्फ, डोंगर, चॉकलेट. दोघेही हसलो होतो. ते जानेवारीतलं.

फेब्रुवारीत घर शांत झालं. आधी ती लॅबमधून आली की पर्स टाकायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. कोण पेशंट चक्कर येऊन पडला, कोणी उपाशीपोटी यायचं तर इडली खाऊन आला, कोण डॉक्टर ओरडला. आता ती यायची, हात धुवायची आणि इंग्रजीत सांगायची की जेवण तयार आहे. मी काही विचारलं तर हो किंवा नाही. मला ती शांतता आवडत होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. वाटायचं, किती समजून घेते, अभ्यासात लुडबुड करत नाही.

गॅलरीतले फोन मात्र लांबत चालले होते. काचेच्या दारातून तिची पाठ दिसायची. ती कठड्याला टेकून, मान खाली घालून बोलायची, मध्येच नुसती ऐकत राहायची. मी आत लाल चिठ्ठ्यांसमोर बसलेला. माझ्या नियमाप्रमाणे दार घट्ट लावलेलं असायचं आणि काहीही ऐकू यायचं नाही. एकदा ती आत आली आणि दारातच म्हणाली, "अरे, ऐक ना, बाबांचं..."

मी हात वर केला. तसा हात मी कारखान्यात लाइन थांबवायला वर करतो. "इंग्लिश," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. वाक्य जुळवत असावी. मग इंग्रजीत म्हणाली, काही नाही. आणि मी तिला विचारलं नाही, कारण तेव्हा मी दोन मिनिटांच्या मध्यात होतो आणि वेळ चालू होती.

तिचाही स्वभाव मानी. नियम तू केलास ना, मग पाळते बघ, असा. पण केवळ तेवढंच नव्हतं. माझी ही तिसरी खेप होती आणि दुसऱ्या खेपेला खाली काय आपटलं ते तिने पाहिलं होतं. माझं चित्त विचलित झालं आणि पुन्हा साडेसहा आले, तर त्याचं खापर तिच्या बापाच्या आजारपणावर फुटेल, अशी तिला भीती होती. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. मी तसं केलं नसतं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

समोरच्या मामी हे आमच्या मजल्यावरचं मराठीचं दुसरं घर. त्यांचं कुळ तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच रुजलेलं. मामी पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी जुन्या कागदपत्रांतली वाटते आणि हेल मात्र पक्का तमिळ. माझी बायको संध्याकाळी भाजी निवडायचं निमित्त करून त्यांच्याकडे जाऊन बसू लागली होती. मला वाटायचं, म्हातारीला सोबत देते. खरं म्हणजे तिला मराठी बोलायला दुसरी जागाच उरली नव्हती. लॅबमध्ये तमिळ, घरात इंग्रजी आणि गॅलरीतून फोनवर जेवढं होईल तेवढं.

एका पहाटे मी बससाठी जिना उतरत होतो. मामी खाली इमारतीच्या दारापुढे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "काय रे, सासऱ्यांला कसें आहे? जेवतात कां?"

चेन्नईत कुणी कुणाला भेटलं की जेवलात का हेच विचारतात. बँकेत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात. मी त्याला आता सरावलो होतो. मी म्हटलं, "जेवतात की, अगदी मजेत आहेत."

मामींनी हातातली पिठाची चिमूट तशीच धरली. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "सरी," म्हणाल्या. "जा बाबा, तुझी बस येईल." मी गेलो. बसमध्ये मी 'रेझिलियन्स'ची टिकली हिरवी व्हायला किती वापर राहिले ते मोजत होतो.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते त्या संध्याकाळची गोष्ट. आठ वाजले, मी खुर्चीत बसलो. बायकोने गठ्ठ्यातून कार्ड काढलं, वाचलं, आणि मला दिलं नाही. इंग्रजीत म्हणाली, आज मी बोलते. मला बरंच वाटलं. घसा बसला होता. मी वही घेतली, मोबाइलवर दोन मिनिटं लावली.

कार्ड होतं, तुम्हाला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाबद्दल सांगा. तिने तयारीचं मिनिटही घेतलं नाही. मोडक्या इंग्रजीत, पण न थांबता ती बोलू लागली. मला माझ्या वडिलांना भेटायचं आहे. ते एसटीत कंट्रोलर होते. त्यांचा आवाज पूर्ण स्टँडवर ऐकू जायचा. ते तीन भाकरी खायचे. आता अर्धी घेतात, आणि तीही खात नाहीत. तुकडा ताटाखाली सरकवतात, माझ्या वहिनीला दिसू नये म्हणून. भाऊ म्हणतो सगळं ठीक आहे. पण त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला, आणि मी दिवसभर रिपोर्टच बघते, मला वाचता येतो. रक्तातलं अल्ब्युमिन कमी आहे, फार कमी. फोनवर त्यांचा आवाज फार बारीक येतो. काल ते मला म्हणाले, ये. मला याच आठवड्यात जायचं आहे. माझ्या नवऱ्याची परीक्षा आहे म्हणून मी गेलेली नाही. मला फार भीती वाटते.

मोबाइल वाजला. बरोबर दोन मिनिटं.

मी वहीत बघून बोललो, इंग्रजीतच. ओघ चांगला होता, थांबली नाहीस. पण 'व्हेरी' आठ वेळा आलं. अल्ब्युमिनसारखा तांत्रिक शब्द टाळ, परीक्षकाला कळणार नाही. बारीक, अशक्त म्हणायचं असेल तर 'फ्रेल' म्हण. आजाराने पार हाडं निघालेल्या माणसाला आणखी वरच्या बँडचा शब्द आहे, 'इमॅसिएटेड'. आणि शेवट फार छान घेतलास. अगदी खरा वाटला.

तिने त्या शब्दाचं स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. तिने तो शब्द चिठ्ठीवर लिहिला, त्याला लाल टिकली लावली, इंग्रजीत माझे आभार मानले आणि उठून आत गेली. मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या मनात आलं, दीड-दोन महिन्यांत हिने किती प्रगती केली.

पुढचे पंधरा दिवस तिने एकही कार्ड घेतलं नाही. तपासनिसाचं काम मात्र एकही दिवस चुकवलं नाही. माझे एकेक शब्द हिरवे होत गेले. मला झोप येत नव्हती. कारखान्यात दोनदा चुकीच्या मालाला मी हिरवा टॅग लावला आणि शिफ्टच्या साहेबाने मलाच कागद भरायला लावला. घरी आल्यावर मी कशावरूनही खेकसायचो. पंखा आवाज करतो म्हणून, वरण पातळ झालं म्हणून. तेही इंग्रजीत, आणि खेकसता खेकसता एखादा शब्द बरोबर बसला की मी तिच्याकडे बघायचो आणि ती वहीत खूण करायची.

परीक्षा शनिवारी होती. तिने हातावर दही-साखर ठेवली आणि इंग्रजीत शुभेच्छा दिल्या. तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, झोपली नाहीस का? तिने नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, माझ्या काळजीने.

नुंगमबाक्कमच्या त्या इमारतीत घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं कपाटात ठेवून घेतात. तीन भाग संगणकावर झाले, चांगले गेले. बोलण्याच्या भागासाठी एका लहान खोलीत बोलावलं. एसी इतका जोरात होता की माझी बोटं गार पडली. समोर एक मध्यमवयीन परीक्षक, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तसेच चेहरे मी याआधी दोनदा पाहिले होते. आधी गाव, नोकरी, हवामान असे किरकोळ प्रश्न. माझी जीभ सैल झाली. 'रेझिलियन्स' बसला, 'मिटिगेट' बसला. मग त्याने कार्ड पुढे सरकवलं.

तुमच्या ओळखीच्या एका वयस्कर माणसाबद्दल सांगा.

पेन्सिल हातात घेतली आणि क्षणभर डोकं कोरं झालं. मिनिट पळत होतं. आणि मग मला एक तयार, घोटलेलं, ओघवतं भाषण आठवलं. मी कागदावर भराभर लिहिलं: एसटी, भाकरी, ताटाखाली, फ्रेल, इमॅसिएटेड.

मी माझ्या सासऱ्यांबद्दल बोललो. स्टँडभर घुमणारा आवाज सांगितला. तीन भाकऱ्या सांगितल्या आणि आता अर्धी. सुनेला दिसू नये म्हणून ताटाखाली सरकवलेला तुकडा सांगितला. फोनवरचा बारीक आवाज सांगितला. एकदाही 'व्हेरी' म्हटलं नाही. वाक्यं लांब, नीट गुंफलेली, शब्द जागच्या जागी. शेवटी आवाज थोडा खाली घेऊन मी म्हणालो, की ते ये म्हणाले आणि आम्ही अजून गेलेलो नाही. आज मी हे लिहितो तेव्हा मला शिसारी येते, पण तेव्हा मला आनंद झाला होता. परीक्षकाचा चेहरा पहिल्यांदाच जरा बदलला. मला वाटलं, सात आले. हातात आले.

कार्ड संपलं की परीक्षक एखादा लहानसा प्रश्न विचारतात. एका वाक्यात उत्तर द्यायचं असतं. त्याने कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "आणि आता ते कसे आहेत?"

मी तोंड उघडलं. काहीही सांगता आलं असतं. बरे आहेत, सुधारताहेत, आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय. खोटं बोलायची एवढी सवय झाली होती. पण ताटाखालचा तो तुकडा माझ्या डोळ्यांपुढे आला. स्वित्झर्लंडमध्ये बर्फ असतो हे कुणीही सांगेल. पण भाकरीचा तुकडा ताटाखाली सरकवणारा म्हातारा कुणी मनाने रचत नाही. रिपोर्टचा फोटो कुणी रचत नाही. मी सासऱ्यांशी शेवटचं कधी बोललो ते आठवायला लागलो आणि मला आठवेना. संक्रांतीला बोललो होतो का? मामींचं जिन्यातलं बघणं आठवलं. गॅलरीतली पाठ आठवली. सकाळचे सुजलेले डोळे आठवले.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

परीक्षक थांबला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, समाजात वृद्धांचं स्थान वगैरे. मी काय बोललो मला सांगता येणार नाही. तोंड आपोआप बोलत होतं, शब्द आपोआप येत होते. मला फक्त त्या कपाटातला मोबाइल हवा होता.

बाहेर येऊन रस्त्यावरूनच फोन लावला. ती लॅबमध्ये होती, मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी मराठीत विचारलं, "बाबा कसे आहेत?"



"तुझी परीक्षा संपली?" तिने विचारलं. इंग्रजीत.

"संपली. बाबा कसे आहेत, सांग ना. मला काहीच माहीत नव्हतं गं."

"मी तुला सांगितलं होतं," ती इंग्रजीतच म्हणाली. "पूर्ण दोन मिनिटं."

"मला वाटलं, तू सराव करत होतीस."

नुसती घरघर. मी उन्हात उभा होतो, शेजारून बस गेली, मी कान दाबून धरला. तिला इतके दिवस वाटत होतं की मला सगळं कळलंय. कळूनही मी शब्द सुधारून दिला आणि परीक्षेला प्राधान्य दिलं, असं समजून ती पंधरा दिवस माझ्या वहीत खुणा करत बसली होती. हे माझ्या ध्यानात आलं. मी तिथेच फुटपाथवर बसलो.

मग ती म्हणाली, "आता मराठीत बोललं तर चालेल?"

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. ती बोलायला लागली आणि थांबेचना. गुरुवारी बाबांना दवाखान्यात हलवलं. नाकातून नळी घातली आहे. भाऊ रोज म्हणत होता, घाबरू नको, तिकडचं उरकून ये. त्याआधी आठ-दहा दिवस ते फोनवर बोलायचे, थोडंच, पण बोलायचे. तिला विचारायचे, कधी येतेस? बुधवारपासून बोलणं बंद झालं. डोळे उघडतात, ओळखतात की नाही कळत नाही. ती रडत नव्हती. भराभरा, एकावर एक, तीन महिन्यांचं सगळं सांगत होती. जे मला एका वाक्यात केव्हाच कळलं असतं, ते ऐकायला मला फुटपाथवर बसून अर्धा तास लागला.

मिळेल त्या गाडीने निघालो. सोलापूरपर्यंत ती खिडकीशी बसून होती आणि मी समोर. मी तीनदा माफी मागितली. तिने तिन्ही वेळा "असू दे" म्हटलं. चिडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

सासरे अकरा दिवस होते. ती त्यांच्या उशाशी बसून बोलत राहायची. लॅबमधल्या गमती, मामींची मराठी, वेलचेरीत पाणी साचलं तेव्हा मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कसा पडलो ते. ते डोळे उघडायचे, तिच्या हातावरची पकड कधी घट्ट व्हायची, कधी सुटायची. एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात तो वरच्या बँडचा शब्द आपोआप यायचा आणि मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. पंधरा दिवस आधी आली असती तर तिला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला असता. हे तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

निकाल मधल्या काळातच आला होता. मी उघडला नव्हता. दिवसकार्य झाल्यावर तिनेच माझा मोबाइल घेतला आणि उघडला. बार्शीच्या घराच्या मागच्या अंगणात आम्ही दोघंच होतो. बाकीच्या तिन्ही भागांत सात. बोलण्यात आठ. इतके मला कधी स्वप्नातही आले नव्हते.

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा नीट पाहिला. तीन महिने तिने माझा एकेक शब्द तपासला होता; तिला ते विचारणं साहजिक होतं. "आठ," ती म्हणाली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा थोडा निवळला. "कार्ड कुठलं आलं होतं रे?"

मी म्हणालो, "एका जुन्या इमारतीबद्दल होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "ते आपण दोनदा केलं होतं."